शेगडीची जागा

माईच्या घरातून सगळ्यांत आधी लाल निघून गेला. भांडण नाही, तंटा नाही, निरोप नाही. एके सकाळी ती टोमॅटो चिरायला बसली, तर ते ओल्या मातीच्या रंगाचे. तिला वाटलं, भाजीवाल्याने शिळा माल गळ्यात मारला. मग दाराचा पडदा, शेजारच्या पोरीची रिबीन, सुरी लागली तेव्हा बोटावर उभा राहिलेला थेंब, सगळंच त्या मातीत मिसळून गेलं. बोट तोंडात धरून ती खिडकीशी बराच वेळ उभी राहिली. रक्ताची चव मात्र पूर्वीचीच होती.

हिरवा तसा मायाळू. पाहुणा निघताना कसा दारात रेंगाळतो, चपला घालतो, पुन्हा दोन शब्द बोलतो, तसा तो गेला. पिवळ्याने वर्षभर तग धरला. निळा अजून कधीमधी यायचा, दिवस कलताना, उजेड मऊ झाला की खिडकीतून डोकावून जायचा. बाकी सगळं राखेचं. काळसर राख, पांढुरकी राख, आणि मधल्या शंभर राखा. भर दुपारी तर रस्ताच्या रस्ता दुधात बुडाल्यासारखा होई, आणि त्या दुधातून माणसं तरंगत येत, बोलली की ओळखीची होत.

"रंग आधी जातील," डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "मग कडा जातील. त्यापुढचं मी आत्ताच सांगत नाही. पुढच्या खेपेला कुणाला तरी सोबत घेऊन या."

माई पुढच्या खेपेलाही एकटीच गेली, आणि त्याच्या पुढच्याही. घरी पीठ मळताना तिच्या ओठांवर कुठूनशा दोन ओळी येऊन बसल्या होत्या, त्या ती पिठाला ऐकवी:

लाल गं सोयरा, गेला न सांगता,
हिरवा निघता, मागे पाहे.

पिठाने कधी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला सांगायचं तर पंचाईत अशी, की नवरा रंगारी. लोकांच्या भिंती रंगवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं. दोन डबे एकत्र ओतून, काडीने ढवळून, नखावर थेंब घेऊन तो उन्हात धरी आणि म्हणे, "अजून चिमूटभर दुःख पाहिजे याच्यात." दुःख म्हणजे त्याच्या भाषेत काळा. लग्न झाल्यापासून दोघांचा एक खेळ होता. संध्याकाळी तो दारात येऊन बाही पुढे करायचा आणि ती बाहीवरचे शिंतोडे बघून सांगायची, आज कुठला रंग. नुसतं पिवळा-निळा म्हणून भागत नसे. 'सायीचा', 'कावळ्याच्या मानेचा', 'रुसलेल्या पोरीच्या गालाचा' असं म्हणावं लागे. हल्ली ती सकाळीच विचारून ठेवी, आज कुठे काम, कुणाची खोली, त्यांनी काय पसंत केलंय. तो सांगे, आणि संध्याकाळी ती तेच त्याला परत देई. तो खूश. खोटेपणाचा तो एवढासा घास तिला रोज गिळवेना, पण गिळावा लागे.

कारण रंगाऱ्याच्या बहिणीचं काय झालं ते तिने पाहिलं होतं. नणंदबाई धडधाकट बाई. एकदा जिन्यात पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, तीन महिन्यांत सांधलंही. पण त्या तीन महिन्यांत घरातले सगळे मायेने म्हणायला शिकले, "तू बस." भांड्याला हात लावला की, "तू बस, मी करते." पाण्याला उठली की, "अगं, बस ना तू." हाड जुळलं तरी वाक्य काही सुटलं नाही. नणंदबाई बसली ती बसलीच. आता खिडकीतल्या खुर्चीत असते, आणि कुणी चहा दिला तर परक्याच्या घरी आल्यासारखी दोन्ही हातांनी कप घेते.

माई छापखान्यातल्या चौदा माणसांचे जेवणाचे डबे करायची. पंधरावा नवऱ्याचा. तिला अंधाराची तेवढी भीती नव्हती, मायेने म्हटलेल्या त्या दोन शब्दांची होती.

आणि अशातच ओटा पडला. पडला म्हणजे अगदी खाली आला. लाकडी फळीचा जुना ओटा, सिंकखालच्या गळतीने फुगून पावासारखा झालेला. रंगारी एकदा चहाचा कप घेऊन त्याला टेकला, आणि ओटा, कप, रंगारी असे क्रमाने जमिनीवर आले. त्या दिवसापासून माई जमिनीवर शेगडी मांडून डबे करत होती आणि गुडघे तिला नावं ठेवत होते.

"या खेपेला दगडाचाच घेऊ," रंगारी म्हणाला. "वखारीत उरलेले तुकडे असतात. मोठ्या घरांचं काम झालं की कोपरे, पट्ट्या राहतात. आपल्याला लागणार केवढा, चार हात. तुकड्यातच भागवायचं, त्यापलीकडे झेपायचं नाही. पण निवड तुझी. मी मध्ये तोंड घालणार नाही."

"तोंड न घालता तुम्ही राहाल?"

"ओठ शिवून येतो."

*

दगडांची वखार गावाबाहेरच्या रस्त्यावर होती. बाहेर अंगणात ऊन असं की माईला फक्त पांढरं दिसलं. पण पत्र्याच्या शेडमध्ये पाऊल टाकलं, आणि डोळ्यांवरची साय बाजूला सरली. आत उजेड छानसा विटलेला होता. लाकडी घोड्यांना टेकून शिळा उभ्या होत्या, रांगेमागे रांग, जशी कुणा राक्षसाने वाचता वाचता वही उघडी टाकावी आणि जेवायला निघून जावं. कुठेतरी नळ ठिबकत होता. दगडांचा असा एक गार श्वास असतो, तो तिच्या गालांना लागला.

वखारीचा कारागीर म्हातारा होता. त्याला सगळे टकटक म्हणायचे. कुठल्याही दगडावर आधी बोटाच्या पेराने टकटक करायची, मगच बोलायचं, अशी त्याची रीत.

"तडा डोळ्याला दिसत नाही ताई," त्याने तिला सांगितलं. "कानाला दिसतो. हा ऐका." टक. दगड घंटेसारखा वाजून शांत झाला. "आता हा." ठप. "याच्या पोटात चीर आहे. वरून बघाल तर नवरदेव."

माईला हा माणूस एकदम आवडला.

"आज तुकडे कापायचा दिवस," तो पुढे म्हणाला. "निवडा, मापं द्या, संध्याकाळपर्यंत कापून ठेवतो. आज नाही जमलं तर मग पंधरा दिवसांनी. मोठं काम लागलंय करवतीला."

"पंधरा दिवस हिचे गुडघे थांबणार नाहीत," रंगारी म्हणाला.

"तुम्ही ओठ शिवून आला होतात ना?"

"टाका उसवला जरा."

तो एका दगडाच्या थप्पीवर बसला आणि माई एकटीच रांगांमध्ये शिरली. ओटा पडल्यापासून मनात घोकलेलं होतं तिने, काय पाहिजे ते. काचेसारखा गुळगुळीत नको, ओला झाला की भांडं पळतं. खरबरीत नको, पीठ धरून बसतो. हात फिरवला की कळलं पाहिजे कुठे कोरडं, कुठे ओलं, कुठे साखर सांडली. वाटी ठेवली की दगडाने हुंकार दिला पाहिजे, म्हणजे ठेवली ती कुठे ठेवली ते कानाला कळतं. आणि सांधा नको, अखंड हवा.

ती हात लावत चालली. एक दगड आत्ताच झोपेतून उठल्यासारखा होता, चिडका, गार. एकाच्या अंगावर बारीक वाळू होती, नदीच्या तळाशी पाय टेकल्यासारखं वाटलं. एक इतका घोटलेला की तिच्या बोटांना तिचीच बोटं भेटली. ती पुढे गेली. मागे गेली. कितीतरी वेळ त्या दगडी पानांमधून ती अशी चालत राहिली, आणि तिला वाटू लागलं की हे सगळे मुके पाहुणे रांगेने उभे आहेत आणि आपण एकेकाचा हात हातात घेऊन विचारतोय, येता का घरी? राहाल का जन्मभर?

शेवटच्या रांगेत, अगदी भिंतीकडे, पोत्याखाली एक तुकडा होता. तिने पोतं सारलं आणि तळवा ठेवला. आणि तळवा तिथेच राहिला.

तो ना गुळगुळीत होता ना खरबरीत. धुऊन वाळवलेल्या सुती कापडावर हात फिरवावा तसा होता. तिने टकटकसारखंच पेराने वाजवून पाहिलं. दगड वाजला, आणि वाजून झाल्यावर थोडा वेळ आठवत राहिला. रंगही तिला बरा वाटला, एकसारखी, सौम्य राख. मधे थोडे फिकट ढग. तिला बरंच वाटलं, कारण रंगाऱ्याला भडक काही खपत नसे.

"हा," तिने हाक दिली. "मिळाला हो मला."

दोघे आले.

"हा?" टकटक म्हणाला. "ताई, हा तीन वर्षं इथे आहे. याला कुणी हात लावला नाही. दगडाची भुकटी दाबून करतात ना, त्यातला आहे. एका केस कापणाऱ्याने दुकानासाठी मुद्दाम बनवून घेतला, आणि बघायला आला तो दारातूनच परत फिरला. मालक तर म्हणतात, न्या कुणीतरी, फुकट्यासारखा देतो."

"का पण? एवढा चांगला वाजतोय."

रंगाऱ्याला हसू आलं. खांदे हलायला लागले. "बरी आहेस हं. मला वाटलं खरंच. चल, आता खरा दाखव."

"खराच दाखवतेय. गंमत कसली त्यात?" माई म्हणाली. "मी तर तुमचाच विचार करून घेतला. शांत आहे किती. पहाटेच्या आभाळासारखा राखाडी. तुम्ही असलंच काहीतरी कालवून आणता ना, चिमूटभर दुःख घातलेलं."

टकटकही हसत होता, तो थांबला. रंगारी त्याच्या आधीच थांबला होता.

दगड पोपटी हिरवा होता. कच्च्या कैरीसारखा, नव्या प्लास्टिकच्या बादलीसारखा हिरवा, आणि त्यावर गुलाबी फराटे, कुणी पेपरमिंट चघळून थुंकल्यासारखे. अंधाऱ्या शेडच्या कोपऱ्यातही तो दिव्यासारखा दिसत होता. फक्त हे माईला माहीत नव्हतं, आणि तिच्या जवळ उभ्या असलेल्या दोघांना माहीत होतं.

रंगाऱ्याने सावकाश हात पुढे केला. तो कामावरूनच आला होता, बाहीवर शिंतोडे होते.

"काय आहे?" त्याने विचारलं. आवाज खेळातला नव्हता.

माईने बाही धरली. थेंबावर अंगठा फिरवला. तिला आठवलं, सकाळी ओट्याच्या नादात ती विचारायचंच विसरली होती. काल शाळेचं काम होतं, शाळा निळी.

"निळा," ती म्हणाली. "शाळेचा. पाटीवरच्या पाण्याचा."

"शाळा काल संपली. आज पाळणाघरात होतो." त्याने बाही उजेडाकडे वळवली. "केशरी आहे. नुसता केशरी. आंधळ्यालाही..." आणि ते वाक्य त्याने अर्ध्यात असं सोडलं, जशी हातातून काचेची बरणी सुटावी.

टकटक म्हणाला, "मी खडू घेऊन येतो." खडू त्याच्या कानावर होता. तरी तो गेला, आणि लांब नळाजवळ जाऊन उभा राहिला.

"कधीपासून?"

"लाल जाऊन दोन वर्षं होतील."

"दोन वर्षं." तो खाली, जमिनीवरच बसला, पाठ त्या हिरव्या दगडाला टेकून. "आणि मी रोज संध्याकाळी बाही नाचवत येतोय. मूर्खासारखा."

"तुमचा खेळ मोडायचा नव्हता मला."

"खेळाचं सोड. मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही 'तू बस' म्हणाला असतात."

तो नाही म्हणेल असं तिला वाटलं होतं. माणसं म्हणतात तसं. पण रंगारी भिंतींशी खरं बोलून बोलून तसाच झाला होता.

"म्हणालो असतो," तो म्हणाला. "आत्ताही म्हणणार आहे."

माई त्याच्या शेजारी बसली. गुडघे कुरकुरले. पत्र्यातल्या भोकांतून उजेडाची लहान लहान गोल नाणी जमिनीवर पडली होती, आणि दगडाची धूळ त्यांच्यात अशी हलत होती, जणू तिला कुठे जायची घाई नाही.

टकटक परत आला. खाकरला. "मापं पाहिजेत. सिंकचं भोक आणि शेगडीचं भोक. शेगडी दगडात बसवायची म्हणाला होतात."

"सिंकचं कापा," रंगारी म्हणाला. "शेगडीचं नको."

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. नुसता पाट राहू दे. डबे बंद. मी आणि ती, दोघांचं मी बघेन."

"तुम्ही?" माई म्हणाली. "तुम्ही दूध तापवलंत की घराला वास महिनाभर असतो."

"जळू दे दूध. तू जळायला नकोस."

हे प्रेम होतं, आणि प्रेमाशी वाद घालायचा तर जीभ आधीच नरम पडते. तिने दगडावर तळवा ठेवला. मग म्हणाली,

"तुमचं काम डोळ्यांचं आहे. म्हणून तुम्हाला वाटतं, सगळ्यांचं डोळ्यांचंच असतं. कांदा झाला की नाही ते मी बघत नाही, ऐकते. तेल तापलं ते नाकाला कळतं. भात शिजला की झाकण हातात वेगळं थरथरतं."

"आणि ज्वाळा? ती पण ऐकणार?"

"ती तर सगळ्यांत जास्त बोलते." मग तिने खालच्या आवाजात सांगितलं, "पंधरा डब्यांतला एक मी डोळे मिटून करते. वर्ष झालं. चिरण्यापासून झाकण लावेपर्यंत. अगदी घट्ट मिटून. म्हटलं, सराव असलेला बरा."

रंगारी वळला. "छापखान्यातल्या लोकांवर प्रयोग?"

"त्यांच्यावर कशाला. ते पैसे देतात."

नळ ठिबकला. टकटकने एकदम पाठ फिरवली आणि त्याची पाठ हसायला लागली.

"माझा?" रंगारी म्हणाला. "वर्षभर?"

"काही जाणवलं का?"

तो आठवत राहिला. वर्षभराची दुपार-दुपार त्याने डोळ्यांपुढून सरकवली असावी, कुठल्या जिन्यावर बसून खाल्लं, कुठल्या ओल्या भिंतीखाली.

"गेल्या महिन्यात भाजीत मीठ दोनदा पडलं होतं."

"ते डोळे उघडे होते तेव्हा. तुम्ही मधे मधे बडबडत होतात म्हणून उघडले."

रंगाऱ्याने तोंडावर हात धरला. तो हसत होता की काय, ते माईला दिसलं नाही. खांद्याला खांदा लागलेला होता, तो हलत होता, एवढंच. तिने तो हलू दिला.

मग तो उठला. गुडघे झटकले. "मास्तर, खडू द्या इकडे."

"शेगडी?" टकटकने विचारलं.

"ती सांगेल."

मग माईने सांगितलं. एकदाच आणि न अडखळता, कारण हे सगळं तिने कितीदा तरी मनात बांधून मोडून पुन्हा बांधलं होतं. पुढच्या कडेला बोटभर उंचवटा, म्हणजे वाटी घसरली तरी पडणार नाही. कोपरे गोल. सिंक डावीकडे. सिंकपासून दोन विती सोडून दगडात एक बारीक खाच, नखाला कळेल एवढी, आणि त्या खाचेच्या उजवीकडे आग, डावीकडे कधीच नाही. शेगडी दगडात रुतलेली, जागची न हलणारी. कुणी पुसताना सरकवली, असं व्हायला नको.

"गरम पातेलं थेट दगडावर नको हं," टकटक म्हणाला. "या जातीला चटका सोसत नाही. खाली जाळी ठेवा."

"जाळी खाचेच्या अलीकडे. कायमची. चालेल?"

"चालेल. पण वीत कुणाची? मी टेपने घेतो, तुमची वीत मला काय ठाऊक."

"तिची," रंगारी म्हणाला.

शिळा घोड्यावर आडवी केली. माई तिच्यापुढे उभी राहिली, घरात उभी राहते तशी, पाय जरा फाकून, कमरेला फडकं असल्यासारखा हात तिकडे नेऊन. समोर काय होतं? राखेचं एक मोठं शांत तळं. तिने तळवा पसरला, अंगठा ते करंगळी, एकदा, दोनदा, आणि दुसऱ्या वितीच्या टोकाला करंगळी टेकवून थांबली.

रंगाऱ्याने खडू टेकवला. भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत हातानेच सरळ रेघ ओढणारा माणूस तो, पण रेघ मुंगीसारखी वाकडीतिकडी गेली. टकटकने ओल्या फडक्याने ती पुसली.

"परत काढा."

"तू जवळ नसताना मी शेगडीपाशी उभा राहीन," रंगारी खालच्या मानेने म्हणाला. "म्हणजे, असताना. पहिले काही महिने."

"उभे राहा. पण बोलायचं नाही."

"अजिबात?"

"मीठ दोनदा पडतं."

त्याने दुसऱ्यांदा रेघ ओढली. या खेपेला ती सरळ आली. मग खाचेच्या उजवीकडे शेगडीच्या चौकटीच्या तीन बाजू झाल्या, चौथी राहिली. त्याने खडू उचलून तिच्या बोटांत दिला नाही, तिची बोटं धरली आणि दगडावर नेली.

"इथे?"

"अजून जरा उजवीकडे."

"इथे?"

तिने डोळे मिटले. हात लांब केला, कोपर वाकवला, हवेत एक पातेलं उचललं आणि ठेवलं.

"अजून बोटभर."

त्याने पाहिलं, टेपचं माप वेगळंच सांगत होतं. टकटकनेही पाहिलं. रंगाऱ्याने बोटभर सरकून रेघ मारली, आणि करवतीवर पाण्याची धार सोडली गेली.